मल्लाचा वस्ताद होतो तेव्हां

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत दोन नाट्याचार्यांचा तंटा आहे. गणदास आणि हरदत्त हे दोघेही आपापल्या विद्येंत निष्णात. त्यांत श्रेष्ठ कोण याचा निर्णय कसा करावयाचा, असा प्रश्न राजसभेपुढें येतो. त्या प्रसंगीं पंडिता कौशिकी ही परिव्राजिका जो विवेक सांगते, तो शिक्षकाचा धंदा केलेल्या प्रत्येक मनुष्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. स्वतःच्या अंगीं विद्या असणें ही एक गोष्ट आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरवितां येणें ही दुसरी. दोन्ही ज्याला साधलीं तो शिक्षकांत पहिल्या मानाचा, असा तिच्या बोलण्याचा आशय. मग परीक्षा ठरते ती आचार्यांच्या नृत्याची नव्हे, तर त्यांच्या शिष्यांच्या नृत्याची.

पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना या विवेकाचा प्रत्यय आम्हांस वारंवार आला. सारीं रूपें ज्याच्या जिभेवर खेळतात असा विद्वान वर्गांत उभा राहिला म्हणजे मुलें पुष्कळदां जांभया देतात. आणि ज्याला एकेक रूप कष्टानें साधलें, तो साधा शिक्षक मुलाचें अडतें कोठें हें चटकन् ओळखतो. जें आपल्याला आपोआप येतें तें दुसऱ्याला कसें सांगावें, हीच शिक्षकाची खरी पंचाईत. बुद्धीच्या विद्येंत जर ही स्थिति, तर शरीराच्या विद्येंत ती किती बिकट असेल! तेथें विद्या हातापायांत असते. ती जिभेवर यावयाची कशी?

फुटबॉलमधील आघाडीचा खेळाडू हें याचें उत्तम उदाहरण होय. समोर चारपांच प्रतिस्पर्धी, चेंडू पायापाशीं, आणि गोल करण्यास मिळणारा अवकाश क्षणार्धाचा. त्या क्षणीं तो विचार करीत बसत नाहीं. त्याचें अंगच विचार करतें. असा मनुष्य वय झाल्यावर मैदानाच्या कडेला उभा राहून मुलांना ‘मीं करीत असें तसें करा’ एवढेंच सांगूं लागला, तर त्यापासून लाभ कोणता? पण हें अवघड स्थित्यंतर ज्यांनीं उत्तम साधलें अशांत प्रदीपकुमार बॅनर्जी यांचें नांव भारतांत अग्रगण्य आहे. १९३६ सालीं उत्तर बंगालमध्यें जन्मलेले बॅनर्जी उजव्या बगलेवरून आघाडीला खेळत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें ते भारतीय संघाचे कर्णधार होते. फ्रान्सशीं झालेला सामना १-१ असा बरोबरींत सुटला, त्यांतील आपला गोल त्यांचाच. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारतानें दक्षिण कोरियाला २-१ असें हरवून सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां अंतिम सामन्यांतील पहिला गोल त्यांनींच केला. त्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादेकडील शाळामास्तर. कर्करोगानें देह पोखरलेला असतां त्यांनीं तो संघ सिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षीं ते निवर्तले.

असा गुरु ज्यानें पाहिला तो शिष्य १९७२ सालीं कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबाचा मार्गदर्शक झाला. १९७० ते १९७५ अशीं सलग सहा वर्षें त्या क्लबानें कलकत्त्याची लीग जिंकली. त्यांतील शेवटचीं चार वर्षें बॅनर्जींचीं. १९७५ च्या आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत त्यांच्या संघानें मोहन बागानवर ५-० असा विजय मिळविला. पुढें ते त्याच मोहन बागानकडे गेले, आणि १९७७ सालीं पेले ज्यांत खेळत होते त्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाशीं त्यांच्या शिष्यांनीं २-२ अशी बरोबरी केली. सामन्यापूर्वी ते मुलांशीं जें बोलत, त्याला कलकत्त्याचे लोक ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. पायांतली विद्या जिभेवर आली ती अशी. २०२० सालीं बॅनर्जी वारले, तेव्हां त्यांच्या गोलांइतकीच त्यांच्या शिष्यांचीही आठवण लोकांनीं काढली.

फुटबॉलची ही कथा बंगालची. परंतु जाकार्त्याच्या त्याच स्पर्धांत आपल्या मुलखांतील दोन मल्लांनीं कुस्तीचीं सुवर्णपदकें जिंकलीं, ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाहीं. एक मिरज तालुक्यांतील कवठेपिरानचे मारुती माने. दुसरे शिराळा तालुक्यांतील पुनवतचे गणपतराव आंदळकर. यांपैकीं आंदळकरांचें चरित्र बॅनर्जींच्या चरित्राशीं इतकें जुळतें कीं, आघाडीचा खेळाडू शिक्षक कसा होतो हें पाहण्यासाठीं आपल्याला वारणेच्या खोऱ्यापलीकडे जाण्याचें कारण नाहीं.

आंदळकरांचा जन्म १९३५ चा. म्हणजे ते बॅनर्जींहून वर्षानेंच मोठे. त्या वेळीं शिराळा हा भाग सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ सालीं जुन्या जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि आसपासचीं संस्थानें मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. त्यामुळें या मल्लावर सातारकर आणि सांगलीकर दोघांनींही हक्क सांगितला तर तो खोटा ठरावयाचा नाहीं. विद्येसाठीं मात्र त्यांना कोल्हापुरास जावें लागलें. शाहू महाराजांनीं तालमींना आश्रय दिला, खासबागेचें प्रचंड मैदान बांधविलें, आणि त्या काळापासून कृष्णा-वारणेच्या कांठचा अंगानें भरलेला मुलगा म्हणजे कोल्हापुरच्या तालमींत जावयाचा, असा परिपाठच पडला. काशीला जशी शास्त्राध्ययनासाठीं मुलें जात, तसाच हा प्रकार.

१९६० सालीं आंदळकरांनीं ‘हिंदकेसरी’ हा किताब मिळविला. मातींतल्या कुस्तींत याहून मोठा मान नाहीं. परंतु आमच्या मतें त्यांची खरी योग्यता दिसली ती दोन वर्षांनीं जाकार्त्यांत. तेथें ते सर्वांत जड वजनाच्या गटांत दोन्ही पद्धतींच्या कुस्त्या लढले. फ्रीस्टाइल पद्धतींत त्यांना रौप्यपदक मिळालें, आणि ग्रीको-रोमन पद्धतींत सुवर्णपदक. वाचकांपैकीं ज्यांना कुस्तीचा परिचय नाहीं त्यांना यांतील मर्म सांगितलें पाहिजे. आपल्या मातींतल्या कुस्तींत पट काढणें, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून त्याला खालीं आणणें, हा अगदीं प्राथमिक आणि हुकमी डाव. ग्रीको-रोमन पद्धतींत कंबरेखालीं हातच लावावयाचा नाहीं, आणि आपल्या पायानें त्याचा पायही अडवावयाचा नाहीं. म्हणजे लहानपणापासून जें अंगवळणीं पडलें त्यांतलें निम्मेंअधिक बाजूस ठेवून, उरलेल्या निम्म्यावर परक्या मुलखांत लढावयाचें. शिवाय पायांखालीं माती नाहीं, गादी आहे. आणि निकाल केवळ चितपटीवर नाहीं, गुणांवरही आहे.

ज्याची विद्या केवळ संवयीची असते, त्याच्याकडून असें होत नाहीं. आपण काय करतों, त्यांतलें कोणतें अंग कशासाठीं आहे, एक काढून घेतलें तर दुसरें त्याच्या जागीं कसें बसवितां येईल, याचा उलगडा ज्याच्या मनांत झालेला असतो त्यालाच हें साधतें. आणि हाच उलगडा शिक्षकाचें भांडवल असतो. पाणिनीय व्याकरण आल्याशिवायही मनुष्य शुद्ध संस्कृत बोलूं शकेल. पण व्याकरणावांचून तो तें शिकवूं शकणार नाहीं. आंदळकरांना आपल्या विद्येचें व्याकरण ठाऊक होतें, असें जाकार्त्याचें तें पदक सांगतें. १९६४ सालीं ते टोकियो ऑलिंपिकमध्यें भारतातर्फे उतरले, आणि त्याच सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

येथवरची कथा पुष्कळ मल्लांची असूं शकते. पुढची मात्र थोड्यांची. स्पर्धा संपल्या, कीं नामांकित मल्लापुढें तीन वाटा असतात: गांवीं परत जाऊन शेती पाहणें, एखादी नोकरी धरणें, नाहींतर सत्कारांच्या हारांत उरलेलें आयुष्य घालविणें. आंदळकर वस्ताद झाले. कोल्हापुरच्या न्यू मोतीबाग तालमींत त्यांनीं कित्येक दशकें मुलें घडविलीं. २०१८ सालीं ते वारले, तेव्हां त्यांचें वय त्र्याऐंशी होतें.

वस्तादाचें काम काय असतें, तें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना क्वचितच ठाऊक असतें. पहांटे तांबडें फुटण्यापूर्वीं तालमीचा हौदा खणला जातो. ती लाल माती साधी नसते. तींत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ आणि निर्दोष राखावी लागते, कारण मुलांची उघडीं अंगें तींत लोळावयाचीं असतात. मग जोर, बैठका, आणि नंतर जोडीशीं लढत. कोणाची जोड कोणाशीं लावावयाची हें वस्ताद ठरवितो, आणि त्याची परीक्षा येथेंच होते. जडाशीं लढवून एकाचा दम वाढवावयाचा, हलक्याशीं लढवून दुसऱ्याची चपळाई वाढवावयाची. ज्याला गर्व झाला त्याला त्याच्याहून वरचढ गडी द्यावयाचा, आणि जो खचला त्याला चार दिवस असा गडी द्यावयाचा कीं त्याचा धीर परत यावा. कोणाच्या घरून दूध-तुपाचे पैसे आले नाहींत, कोणाचा खुराक कमी पडतो, कोणाचें मन गांवाकडे ओढतें, हें सारें वस्तादाला कळावें लागतें. मुलें तेथेंच राहतात, आपलें अन्न आपण शिजवितात. या सर्वांचा बाप वस्तादच.

आपल्याकडील वेदपाठशाळांची ज्यांना माहिती आहे, त्यांना या पद्धतींतील साम्य सांगावयास नको. गुरूनें संथा द्यावी, शिष्यानें ती घोकावी, थोरल्या शिष्यानें धाकट्याकडून म्हणवून घ्यावी, आणि एक चरण पक्का झाल्यावांचून दुसरा देऊं नये. तालमींतही डावाची संथाच दिली जाते. फरक एवढाच कीं, ती कानावाटे न जातां अंगावाटे जाते. पकडीचा दाब किती, कंबर वळवावयाची कोणत्या क्षणीं, हें शब्दांत सांगून उमगत नाहीं. वस्तादानें स्वतः लंगोट कसून मुलाला तो डाव आपल्या अंगावर करूं द्यावा लागतो. एके काळीं ज्याच्या पाठीला माती लावणें हिंदुस्थानच्या मल्लांना कठीण जाई, तोच मनुष्य सोळा वर्षांच्या पोराच्या हातून मुद्दाम खालीं पडतो. खेळाडूचा शिक्षक होतो तो याच ठिकाणीं. जिंकण्याची संवय मोडून दुसऱ्याला जिंकूं देणें ही सोपी तपश्चर्या नव्हे; पुष्कळ मोठे मल्ल येथेंच अडतात.

आणि परीक्षा? ती परिव्राजिकेनें सांगितली तशीच, शिष्यांवरून करावी. मोतीबागेंत आंदळकरांच्या हाताखालीं तयार झालेले दादू चौगुले यांनीं १९७० व १९७१ अशीं लागोपाठ दोन वर्षें ‘महाराष्ट्र केसरी’चा मान मिळविला, १९७३ सालीं ते ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले, आणि १९७४ सालीं न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथें राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनीं रौप्यपदक घेतलें. त्यांचे चिरंजीव विनोद हेही पुढें महाराष्ट्र केसरी झाले. एका दिव्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा लागतो, तो असा.

आतां याच्या उलट बाजूचें एक उदाहरण पाहूं, आणि तें सातारा जिल्ह्यांतलेंच आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील पैलवान, पहिली संथा त्यांचीच. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकपूर्वीं त्यांना अमेरिकेचे एके काळचे विजेते मल्ल रीस गार्डनर यांच्याकडून गादीवरच्या कुस्तीचें शिक्षण मिळालें. म्हणजे तेथेंही खेळाडूचा शिक्षक झालेला मनुष्यच उपयोगीं पडला. मातींत वाढलेला हा मुलगा लंडनमध्यें आपल्या वजनगटांत सहावा आला. चार वर्षांनीं हेलसिंकीस जावयाचें तर पैसा नव्हता. त्या वेळीं कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कथा आपल्याकडे आजही कृतज्ञतेनें सांगितली जाते. त्या ऋणाचें सार्थक झालें. १९५२ सालीं खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. ते परत आले तेव्हां शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक कराडहून गोळेश्वरास गेली.

मिरवणूक संपली आणि पुढें काय झालें? १९५५ सालीं खाशाबा पोलिसदलांत फौजदार झाले. तेथें इमानेंइतबारें त्यांनीं नोकरी केली, दलांतील खेळाडूंना मार्गदर्शनही केलें. १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लींतील कुस्तीच्या आखाड्याला त्यांचें नांव लाभलें तें २०१० सालीं. हे सत्कार उशिरां झाले याबद्दल पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु शिक्षकाच्या दृष्टीनें आम्हांस वाटणारी हळहळ निराळी आहे. मातींतला मल्ल गादीवर कसा जिंकतो, हें त्या काळीं आपल्या देशांत खाशाबांइतकें अनुभवानें कोणालाच ठाऊक नव्हतें. ती विद्या त्यांच्या अंगीं होती. पण तिच्याभोंवतीं राष्ट्राची एखादी कुस्तीशाळा उभी राहिली नाहीं. पुरस्कार उशिरां देतां येतो, नांव मागाहून कोरतां येतें. संथा मात्र गुरु असतांनाच घ्यावी लागते.

याचा परिणाम आंकड्यांत दिसतो. १९५२ नंतर कुस्तींतलें पुढचें ऑलिंपिक पदक भारताला मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें. छप्पन्न वर्षें! आणि तें बीजिंगचें कांस्यपदक मिळविणारा सुशीलकुमार हा कोणाचा शिष्य? सतपाल यांचा, ज्यांनीं स्वतः १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकलें होतें, आणि जे गुरु हनुमान यांच्या आखाड्यांत वाढले होते. तेथें तीन पिढ्यांची संथा अखंड होती, म्हणून फळ आलें. महाराष्ट्राची गोष्ट तर याहून बोलकी आहे. खाशाबांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारा दुसरा महाराष्ट्रीय २०२४ सालीं पॅरिस येथें दिसला: राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे. मधें बहात्तर वर्षें गेलीं. त्याला घडविणाऱ्या दीपाली देशपांडे या २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें स्वतः नेमबाज म्हणून उतरल्या होत्या. पदक त्यांना मिळालें नव्हतें. परंतु ऑलिंपिकच्या रेषेवर उभें राहिल्यावर श्वास कसा होतो, हें त्यांना ठाऊक होतें, आणि तें त्यांनीं शिष्याला दिलें. आमच्या भगिनीवाचकांनीं हें उदाहरण आपल्या मुलींना अवश्य सांगावें.

आपल्या राष्ट्राच्या पुरस्कारांचीं नांवें महाभारतांतून घेतलीं आहेत. खेळाडूंचा अर्जुन पुरस्कार १९६१ सालीं सुरू झाला. गुरूंचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ सालीं. त्याच्या पहिल्याच मानकऱ्यांत कुस्तीचे मार्गदर्शक भालचंद्र भास्कर भागवत हे होते. महाभारतांत द्रोणाचार्य आधीं येतात आणि त्यांच्यामुळें अर्जुन घडतो. आपल्याकडे मात्र अर्जुनाचा सत्कार आधीं झाला आणि द्रोणाचार्यांचें स्मरण चोवीस वर्षांनीं. यांत कोणा एकाचा दोष नाहीं. ही आपल्या सर्वांच्याच दृष्टीची रीत आहे. विजेत्याचें छायाचित्र आपण पाहतों. त्याच्या मागें उभा असलेला मनुष्य कोण, हें विचारीत नाहीं.

आपल्या घरांतून विद्येचा मान मोठा आहे, आणि तो असावा. परंतु विद्या म्हणजे केवळ ग्रंथांतली, अशी समजूत असेल तर ती पुसून टाकली पाहिजे. सूर्यनमस्काराचा प्रसार औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं स्वतः नमस्कार घालून आणि प्रजेकडून घालवून केला; त्यांचें अनुकरण एके काळीं आपल्याच घरांनीं केलें. शरीराची विद्या परकी नाहीं. तिच्या गुरूंना आपण परकें केलें आहे. गायनाच्या वा वेदाच्या गुरूला आपण वांकून नमस्कार करतों. मुलाच्या शाळेंतील व्यायामशिक्षकाचें नांवही पुष्कळ घरांत ठाऊक नसतें.

म्हणून एक साधी सूचना करून हा लेख पुरा करतों. येत्या गुरुपौर्णिमेला घरांतील मुलामुलींना बरोबर घेऊन जवळच्या तालमींत किंवा क्रीडांगणावर जावें. तेथें शिकविणारा जो कोणी असेल तो आपल्या तरुणपणीं काय खेळला, कोणाकडे शिकला, आणि आतां काय शिकवितो, हें त्याला विचारावें, आणि मुलांना तें ऐकूं द्यावें. वर्गणी द्यावयाची असेल तर ती हारासाठीं न देतां मातीसाठीं, गादीसाठीं, एखाद्या पोराच्या दुधासाठीं द्यावी. पुनवतच्या मल्लाला शिष्य मिळाले, म्हणून त्याची विद्या त्याच्या मागें राहिली. आज आपल्या सातारा-सांगलीच्या गांवांगांवांतून जे मध्यमवयाचे खेळाडू घरीं बसले असतील, त्यांच्याही अंगीं कांहींतरी आहे. तें मागून घेण्यास अजून वेळ आहे.